साडूभाऊंची चौथी जनरेशन

माझे साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे, ताईंचे, यजमान, खारघरला राहायचे आणि एका आयटी कंपनीत मॅनेजर होते. ते नक्की काय काम करायचे हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. विचारलं की ते "डिलिव्हरी" एवढंच सांगायचे. त्यामुळे सासूबाईंचा बरेच दिवस समज होता की थोरले जावई कुरिअरमध्ये आहेत, आणि त्या त्यांना पावसाळ्यात जपून जायला सांगायच्या.

कंपनी त्यांना दोन-तीन वर्षांनी नवा लॅपटॉप द्यायची. तो पनवेलला सासऱ्यांकडे आणून सगळ्यांना दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मिठाईचा बॉक्स ताईंच्या हातात आणि लॅपटॉपची बॅग साडूभाऊंच्या खांद्यावर, असे ते दोघं लिफ्टमधून बाहेर पडायचे. मिठाई कधीकधी राहून जायची.

माझा धंदा वेगळा. अजून उभ्या न राहिलेल्या इमारतींची चित्रं मी कॉम्प्युटरवर काढतो. बिल्डर नकाशा देतो, मी त्यावरून इमारत उभी करतो, खिडक्यांना काचा लावतो, खाली हिरवळ अंथरतो, आकाशात चार पक्षी सोडतो. बिल्डरला फिल्म हवी असेल तर काम वाढतं, कारण फिल्मच्या एकेका सेकंदासाठी कितीतरी चित्रं लागतात आणि प्रत्येक चित्रातली ऊन-सावली कॉम्प्युटरला हिशेब करून काढावी लागते. याला रेंडरिंग म्हणतात. लॅपटॉप त्यासाठी दिवस दिवस एकसारखा राबतो. ईमेल वाचणाऱ्या माणसाला प्रोसेसर कसला आहे याने काही फरक पडत नाही. माझं मात्र पोट त्याच्यावर होतं.

माझा लॅपटॉप जुना होता. आमच्या पनवेलच्याच आळीतलं एक बेने इस्रायली कुटुंब कायमचं इस्रायलला निघालं, तेव्हा त्यांच्या मुलाकडून मी तो घेतला. तो मुलगा मुंबईत ॲनिमेशनचं काम करायचा. लॅपटॉप माझ्या हातात देताना तो म्हणाला, "दिसायला म्हैस आहे, पण आतमध्ये चार कोअर आहेत. याला गादीवर ठेवू नकोस आणि पंख्याची जाळी साफ करत जा. बाकी हा काही मागत नाही." चार कोअर म्हणजे आत चार कामकरी आहेत असं समजा. त्याच्या आईनं लॅपटॉपच्या पिशवीत मलिद्याचा डबाही घातला. ती माणसं गेली, डबा आमच्याकडेच राहिला. लॅपटॉप मात्र त्या मुलानं सांगितल्याप्रमाणेच वागला. त्याचा पंखा मिक्सरसारखा ओरडायचा, चार्जर विटेएवढा होता, पण दिलेलं काम तो खाली मान घालून पुरं करायचा.

प्रकरणाला सुरुवात झाली दिवाळीच्या पाडव्याला. सासऱ्यांकडे जेवण होतं. एका बिल्डरनं आयत्या वेळी खिडक्यांचा रंग बदलायला सांगितला होता, म्हणून मी लॅपटॉप बरोबर घेऊन गेलो होतो. तीच चूक झाली. साडूभाऊंनी आपला नवा लॅपटॉप कापडी पाकिटातून काढून टीपॉयवर ठेवला. तो इतका पातळ होता की सासूबाईंनी त्यावर फराळाची ताटली ठेवली. आरडाओरडा झाला, ताटली उचलली गेली, आणि मग साडूभाऊंचं लक्ष माझ्या लॅपटॉपकडे गेलं.

"हा उचलतोस कसा रे? जिम लावली आहेस का?"

मी हसलो. त्यांनी न विचारता तो स्वतःकडे ओढला, दोन-तीन बटणं दाबून आतली माहिती उघडली आणि ऑपरेशन थिएटरमधून बाहेर आलेल्या डॉक्टरसारखी मान हलवली.

"फर्स्ट जनरेशन," ते हळूच म्हणाले.

सासरे आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांना कुठलीही गोष्ट नीट समजून घ्यायची सवय होती. ते चष्मा लावून पुढे वाकले. "पण यांच्या लॅपटॉपवर आय सेव्हन लिहिलंय आणि तुमच्यावरही आय सेव्हनच आहे. मग सात-सात झाले ना?"

"बाबा, सात हा नुसता नंबर. बघायची असते जनरेशन. हा पहिल्या पिढीचा, माझा चौथ्या. मधे दोन पिढ्या होऊन गेल्या. पणजोबा आणि पणतूची शर्यत कशी लावणार?"

"आमचे पणजोबा भाताचं पोतं एका हातानं उचलायचे," सासरे म्हणाले. "मी कधी उचललं नाही."

साडूभाऊंनी हे ऐकलंच नाही. त्यांनी प्रोसेसरचा वेग मोजणारा एक प्रोग्राम दोन्ही लॅपटॉपवर चालवला. त्यांच्या लॅपटॉपचा आकडा माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आला. त्यांनी तो स्क्रीन सगळ्यांना दाखवला, स्वयंपाकघरात जाऊन कढी ढवळणाऱ्या सासूबाईंनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे. मीठ बघा जरा."

त्या प्रोग्राममध्ये दोन चाचण्या होत्या. एकीत फक्त एकच कोअर पळवायचा, दुसरीत सगळे. साडूभाऊंनी पहिलीच लावली होती. एकास एक लढवलं तर नवा कामकरी जुन्याला मागे टाकणारच, ते मलाही मान्य होतं. पण माझे चार होते, त्यांचे दोन. त्यांच्या लॅपटॉपवर सात लिहिलं होतं ते खरं, पण त्या सातच्या पुढच्या आकड्यांच्या शेवटी एक छोटं अक्षर होतं. त्या अक्षराचा अर्थ असा की हा प्रोसेसर कमी वीज खाणारा, पातळ अंगाच्या लॅपटॉपसाठी बेतलेला. हे अक्षर कोणी वाचत नाही. साडूभाऊंनी तर नक्कीच वाचलेलं नव्हतं.

"दुसरी चाचणी लावा ना," मी म्हणालो. "सगळ्या कोअरची."

"ते कोण वापरतं?"

"मी वापरतो."

"अरे, तसं नाही. रिअल लाइफमध्ये कोण वापरतं?"

माझा धंदा रिअल लाइफमध्ये मोडत नाही हे मला त्या दिवशी समजलं. ताईंनी माझ्या पानात जिलबी वाढली आणि मायेनं म्हणाल्या, "घेतील हो तेही नवा. सगळ्यांचं एकदम होत नाही." माझ्या बायकोचे कान लाल झाले. आम्ही स्कूटरवरून घरी निघालो. मग मागून म्हणाली, "तू एक नवा घेऊनच टाक."

"अगं, हा चांगला चालतोय."

"चालतोय ते मला माहितीये. पण ताईनं जिलबी कशी वाढली बघितलंस ना? रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखं वाटलं मला."

पुढच्या उन्हाळ्यात उलव्याच्या एका शेटचं काम आलं. विमानतळासाठी त्यांच्या घरची जमीन गेली होती आणि बदल्यात प्लॉट मिळाला होता. विमानतळ तेव्हा नुसता बोलण्यात होता, पण त्याच्या नावानं उलव्यात जिकडेतिकडे क्रेन उभ्या होत्या. शेट आणि त्यांचे भाऊ मिळून पहिलीच इमारत बांधणार होते आणि तिला आईचं नाव देणार होते. आई खाडीच्या कडेला खेकडे आणि निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, पकडून बाजारात विकायची. त्यावर तिनं सगळी पोरं वाढवली, हे शेट कुणालाही पहिल्याच भेटीत सांगायचे.

फिल्मचा कच्चा नमुना बघायला ते माझ्या घरी आले. सोफ्याच्या कडेवर बसून त्यांनी ती नीट पाहिली.

"ह्यो तलाव कुठला?"

"स्विमिंग पूल आहे तो."

"एवढा? अवो, आमचं मिठागर बी एवढं नव्हतं. आनि ही बाई कोन?"

फिल्ममध्ये एक सोनेरी केसांची बाई कुत्र्याला फिरवत होती. अशी माणसं आम्हाला तयार मिळतात, ती नुसती उचलून ठेवायची. मी म्हणालो, "ही रेडिमेड येते, शेट. सगळ्यांच्या फिल्ममध्ये असते."

"म्हंजे शेजारच्या बिल्डिंगमधी बी हीच ऱ्हाते?"

"हो."

"आनि त्याच्या पलीकडं?"

मी मान डोलावली. शेटनी त्या बाईवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "हिला काढा. कुत्रा बी काढा. तिथं बाकड्यावर माझी आई बसवा. नऊवारीत. फोटो आमी देतो. हायेच ना आई, मग दुसऱ्याची बाई कशाला?"

त्यांचं बरोबर होतं. पण आई बसवायची म्हणजे आधी तिची आकृती घडवायची आणि मग जवळजवळ सगळी फिल्म नव्यानं रेंडर करायची. भूमिपूजन रविवारी होतं. आकृती तयार होईपर्यंत शुक्रवार उजाडला. माझ्या एकट्या लॅपटॉपला ते काम वेळेत झेपणार नाही हे मला दिसत होतं. मी बायकोजवळ बोललो, ती ताईंशी फोनवर बोलली, आणि साडूभाऊ रजा टाकून आमच्याकडे दाखल झाले. त्यांना मी बोलावलेलं नव्हतं. पण दारात ते अग्निशमन दलाच्या तोऱ्यात उभे होते आणि त्यांच्या मागे, गंमत बघायला, सासरे.

"अर्धी फिल्म मला दे," साडूभाऊ म्हणाले. "पहिला भाग दे, लोक पहिलाच भाग बघतात. तू चहा घे आरामात. तुझा कप संपेपर्यंत माझं संपलेलं असेल."

मी त्यांच्या लॅपटॉपवर माझा प्रोग्राम टाकून दिला. डायनिंग टेबलावर दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले आणि एकदमच सुरू केले. त्यांचा लॅपटॉप सपाट्यानं निघाला. माझी दोन चित्रं व्हायची तेव्हा त्याची तीन व्हायची, आणि तीही आवाज न करता. माझा मिक्सर ओरडत होता, त्यांचा लॅपटॉप गप्प होता. साडूभाऊंनी ताईंना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि समालोचन चालू केलं. "पुढे गेलोय. बरंच पुढे. अगं, मी काही करतच नाहीये, नुसता बसलोय."

"त्यांना वाईट वाटेल असं बोलू नका हो," ताई स्पीकरवरून म्हणाल्या. मी शेजारीच होतो.

चहा झाला. दुसरा झाला. मग सासरे, जे एका कागदावर दोघांच्या चित्रांच्या रेघा मारत होते, म्हणाले, "थोरल्या जावयांचं मघापासून एकच चित्र चालू आहे का?"

साडूभाऊंनी पाहिलं. लॅपटॉप अडकला नव्हता, पण मंदावला होता. त्यांनी त्यावर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"तापलाय," मी म्हणालो. "अंग पातळ असलं की आतली उष्णता बाहेर पडायला जागा नसते. मग प्रोसेसर जळू नये म्हणून आपोआप वेग कमी करतो."

"फोर्थ जनरेशन तापत नाही."

"हात लावून बघितलात ना आत्ता?"

"ते तुझं टेबल गरम आहे."

त्यानंतर साडूभाऊंनी जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. आधी त्यांनी टेबल बदललं. मग लॅपटॉपखाली चार वाट्या उपड्या घातल्या. मग आमचा टेबल फॅन त्याच्या तोंडाशी धरला आणि दुसरा कुठे आहे का ते विचारलं. पनवेलचं व्होल्टेज कमी असतं असं म्हणून त्यांनी चार्जर बेडरूममधल्या सॉकेटला लावून बघितला. माझा प्रोग्रामच बिघडलेला असणार असं म्हणाले. तोच प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर चालतोय हे सासऱ्यांनी दाखवून दिल्यावर, जुन्या लॅपटॉपला जुना प्रोग्राम मानवतो, असं त्यांनी एक नवंच शास्त्र सांगितलं. माझा लॅपटॉप तोपर्यंत त्यांच्या पुढे निघून गेला होता. त्याचा वेग सकाळी होता तोच होता.

"बर्फ आहे का?" साडूभाऊंनी माझ्या बायकोला विचारलं.

"सरबत करू?"

"सरबत नको. नुसता बर्फ दे."

तिनं ट्रे दिला. त्यांनी स्वयंपाकघरात हाताला लागलेल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ भरला, पिशवी ताटलीत ठेवली आणि तिच्यावर लॅपटॉप. आणि खरोखरच तो पुन्हा पळायला लागला. साडूभाऊ उभे राहिले. "बघ! बघ! मी काय सांगत होतो?" सासऱ्यांनी प्रामाणिकपणे त्यांच्या रकान्यात पुन्हा रेघा मारायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं खोलीत वास यायला लागला.

"भाऊजी," माझी बायको दारातून म्हणाली, "ती पिशवी बोंबलांची होती."

पिशवीला बारीक छिद्र होतं. पाणी गळून ताटलीत साचलं होतं आणि त्यात लॅपटॉपचे चार रबरी पाय बुडाले होते. आम्ही धावपळ करून तो उचलला, पुसला. बिघडला नव्हता, पण त्याच्या पंख्यातून जी गरम हवा येत होती ती थेट मासळी बाजारातून आल्यासारखी होती. साडूभाऊंनी खिशातल्या रुमालानं एकेक कड पुसली आणि तो पुन्हा टेबलावर ठेवला. तेवढ्यात स्क्रीन काळा झाला. कंपनीनं लांबूनच लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला होता. मागोमाग फोन वाजला. त्यांच्या ऑफिसमधल्या एका पोराचा होता. साडूभाऊंनी सकाळच्या सवयीनं स्पीकर दाबला.

"सर, तुमच्या मशीनवर कंपनीची परवानगी नसलेलं एक सॉफ्टवेअर चालू होतं. आम्ही ते काढून टाकलंय."

"हां, ते टेस्टिंग करत होतो."

"कुठल्या प्रोजेक्टचं, सर?"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"फॅमिली प्रोजेक्ट आहे एक," ते म्हणाले.

पलीकडून की-बोर्डचा आवाज आला. मग पोरगा म्हणाला, "सर, मशीनचं टेंपरेचर पण खूप दिसतंय. सोमवारी येताना आमच्याकडे जमा करा. आणि सर, तोपर्यंत प्लीज फक्त ईमेल बघा."

त्या पोरानं पुन्हा पुन्हा सर म्हटलं आणि दर वेळी साडूभाऊ थोडे थोडे खुर्चीत खाली गेले. दिवसभर मी मनातल्या मनात मजा घेत होतो, ती त्या वेळी संपली. आपला म्हणून मिरवलेला लॅपटॉप आपला नाही, तो बंद-चालू करायचा हक्कही आपला नाही, आणि हे सासऱ्यांसमोर जाहीर झालेलं. मी त्यांना विचारलं, "जेवून जाता ना?" ते म्हणाले, "नको, ताई वाट बघत असेल." स्वतःच्या बायकोला त्यांनी ताई म्हटल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

उरलेलं काम माझ्या लॅपटॉपनं ओढलं. त्यांनी केलेली चित्रं चांगली होती, ती मी वापरली. स्विमिंग पूलभोवतीची चक्कर मात्र वेळेअभावी कापली. शेटना ते इतकं आवडलं की मुद्दाम केल्यासारखं मी त्याचं श्रेय घेतलं.

रविवारी उलव्याला मांडव भरलेला होता. सगळीकडे लाल माती, मागे अर्धवट उभे खांब, आणि पुढे खुर्च्यांवर अख्खं गाव. मी सगळ्यात मागे, प्रोजेक्टरला जोडलेल्या लॅपटॉपजवळ उभा होतो, कारण त्याची वायर हलली की चित्र जायचं आणि ती धरून ठेवणं भाग होतं. सासरे, ताई आणि साडूभाऊही आले होते. एवढ्या उन्हात साडूभाऊंनी ब्लेझर घातला होता आणि ते पहिल्या रांगेत बसले होते.

पूजा झाल्यावर शेटनं माइक घेतला. "आता फिल्म बघायची हाय. ज्यांनी केली ते कॉम्प्युटरवाले साहेब पुढं या."

मी वायर कोणाच्या हातात द्यावी म्हणून इकडेतिकडे बघू लागलो. तोवर साडूभाऊ उठून स्टेजवर पोचले होते. शेट जरा गोंधळले. पण स्टेजवर ब्लेझरवाला माणूस आल्यावर त्याला खाली उतरा असं कोण सांगणार? त्यांच्या भावानं साडूभाऊंच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. साडूभाऊंनी माइकवरून सांगितलं की ही फिल्म फोर्थ जनरेशन प्रोसेसरवर केलेली आहे. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझी बायको माझ्या शेजारी उभी होती. तिनं वायरीकडे बोट दाखवून विचारलं, "सोडतोस का?" मी सोडली नाही. आजही मला वाटतं की एक क्षणभर सोडायला हरकत नव्हती.

मग फिल्म लागली. इमारत आली, गॅलऱ्या आल्या, हिरवळ आली, आणि हिरवळीवरच्या बाकड्यावर नऊवारीतली एक म्हातारी बाई येऊन बसली. मांडवात कुजबुज झाली. शेटची आई पुढेच बसली होती. तिनं डोळे बारीक करून पाहिलं आणि मोठ्यांदा विचारलं, "ही कोन गं? माझ्यासारखी दिसते."

"आये, तूच हायेस," शेट म्हणाले.

"मी? मी अशी रिकामी कवा बसले?"

मांडव हसला. तीही हसली, मग पदर तोंडाला लावून पुन्हा स्क्रीनकडे पाहत राहिली. फिल्म संपल्यावर तिनं ती परत लावायला सांगितली. आम्ही ती परत लावली, आणि मग तिच्या बहिणीसाठी आणखी एकदा लावली. माझं काम इतकं नीट बघणारं माणूस मला पुढे पुन्हा भेटलं नाही. बाकीचे सगळे चौरस फूट बघतात.

परत येताना आम्ही साडूभाऊंच्या गाडीतून आलो. शाल अजून त्यांच्या खांद्यावर होती. माझी बायको मागच्या सीटवरून बहिणीला म्हणाली, "ताई, ती शाल ह्याची आहे."

ताईंनी एसी वाढवला.

"अगं, त्यांनी बोलावलं," साडूभाऊ आरशातून म्हणाले. "चारचौघांत नाही म्हणणं बरं दिसतं का?" मग सिग्नलला गाडी थांबल्यावर त्यांनी डॅशबोर्डवरचा नारळ उचलला आणि मागे माझ्या हातात दिला. "हा तू घे."

"झालं," सासरे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "जावईबापू, तुम्हाला नारळ मिळाला."

ताई सोडून सगळे हसले. साडूभाऊही हसले, ते मी त्यांच्या जमेला धरतो. त्या नारळाची बायकोनं चटणी केली आणि ताईंना मुद्दाम डबा पाठवला.

नंतर दोन वर्षं गेली. साडूभाऊंना कंपनीकडून आणखी एक नवा लॅपटॉप मिळाला आणि तो आमच्यासमोर पहिल्यासारखाच उघडला गेला. माझ्या जुन्या लॅपटॉपची बिजागरी तुटली, स्क्रीन वहीला टेकवून मी तो काही महिने चालवला आणि शेवटी डेस्कटॉप घेतला. एका संध्याकाळी साडूभाऊंचा फोन आला. मागे रहदारीचा आवाज होता. ते बाल्कनीत उभे होते आणि हळू बोलत होते.

"अरे, हिला आर्किटेक्चरला ॲडमिशन मिळाली." ही म्हणजे त्यांची मुलगी. "तुझ्यासारखंच ते रेंडरिंग वगैरे करावं लागेल म्हणते. कुठला लॅपटॉप घ्यावा?"

त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी मन लावून सांगितलं. जाड घ्या, पंखा मोठा बघा, कोअर चार हवेत, नंबरच्या शेवटी जे अक्षर असतं ते वाचा, आणि एक पिढी मागचा मिळाला तरी बिनधास्त घ्या. ते "हां, हां" करत होते. शेवटी म्हणाले, "बरोबर बोलतोस तू." मी फोन ठेवून बायकोला सांगितलं की माणूस बदलतो.

दोन रविवारांनी त्यांनी सासऱ्यांच्या टीपॉयवर पाकीट उघडलं. आत सोनेरी रंगाचा, मागच्यापेक्षाही पातळ लॅपटॉप होता. "सिक्स्थ जनरेशन," ते म्हणाले. "दुकानदार म्हणाला यापुढे सध्या काही नाही. आणि पोरीनं जड कशाला उचलायचं?"

पोरीनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो उचलून बॅगेत ठेवला. पण पहिल्या सत्राचं सबमिशन जवळ आलं तशी ती शनिवारी सकाळी बसनं पनवेलला यायला लागली. पेन ड्राइव्ह माझ्या हातात द्यायची, "काका, आज तेरा व्ह्यू रेंडर करायचेत" म्हणायची आणि मावशीनं केलेले पोहे घेऊन टेबलाशी बसायची. तिचं काम चांगलं असायचं. खिडक्या ती माझ्यापेक्षा नीट लावायची.

अशाच एका शनिवारी साडूभाऊंचा फोन आला.

"आली का रे ती? तिच्या लॅपटॉपवर सगळं होतं म्हणा, फास्ट आहे तो. पण आमच्याकडे खारघरला हल्ली नेट फार स्लो आहे ना, म्हणून तुला त्रास."

रेंडरिंगला नेट लागत नाही. हे मला माहीत होतं, त्यांच्या मुलीला माहीत होतं, आणि माझ्या मते त्यांनाही माहीत होतं. ती बशीवर मान घालून पोह्यातले शेंगदाणे वेचत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"हो ना," मी म्हणालो, "नेटचं काही खरं नाही."